क्लॅरोनेट, कुत्रा आणि हिंगोली

माणसाने आयुष्यात एक तर क्लॅरोनेट वाजवावे किंवा कुत्रा पाळावा. दोन्ही करणाऱ्याला शेजारी लाभत नाहीत; आणि लाभलेच, तर ते बोलत नाहीत. मी हे कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. पुण्याच्या एका तीन मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, मी या दोन्ही गोष्टी सहा वर्षे एकत्र नांदवून पाहिल्या आहेत.

क्लॅरोनेट माझ्या मामांचे. मामा हिंगोलीचे. ऐन उमेदीत ते तिथल्या एका बँडात क्लॅरोनेट वाजवीत. पुढे त्यांचे वरचे दात गेले, तेव्हा त्यांनी वाद्य पेटीत घातले आणि पेटी माझ्या हातात दिली. "तू आता पेन्शनीत निघालास. काही तरी कर," एवढेच ते म्हणाले. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मला सात सूर शिकवले होते. त्यांतले साडेचार मला आठवत होते. तेवढ्या भांडवलावर मी धंदा सुरू केला.

कुत्रा मात्र माझा स्वतःचा. स्वतःचा म्हणजे एका पावसाळी रात्री तो जिन्यात येऊन बसला आणि पुढे जिन्यातून घरात, घरातून बैठकीत आणि बैठकीतून माझ्या आरामखुर्चीत आला. त्याचा एक कान उभा आणि एक पडलेला. नाव टिप्या. स्वभावाने इतका शांत, की दारावर पोस्टमन आला तर हा शेपटीने त्याचे स्वागत करी. पण मी क्लॅरोनेट तोंडाला लावून पहिला 'सा' धरला, की टिप्या बसल्या जागी मान वर करी, डोळे मिटी आणि कुणी तरी जवळचे वारल्यासारखा गळा काढी. मी थांबलो की तो थांबे. मी सुरू केले की तो सुरू करी. कुटुंबाचे म्हणणे असे, की समेवर तो येतो, मी येत नाही.

पहिले काही महिने शेजारणी काळजीने विचारीत, "कुत्र्याला काही होतंय का हो?" पुढे त्यांतली एक अधिक बारकाईने विचारू लागली, "आधी रडतो तो कुत्रा, की मागून रडतो तो?" शेवटी गेल्या माघात इमारतीच्या फळ्यावर सूचना लागली. 'सायंकाळी ६ ते ७ या वेळात दुसऱ्या मजल्यावरून येणारे दोन्ही आवाज त्वरित बंद करण्यात यावेत.' मला 'बंद' या शब्दाचे काही वाटले नाही. 'दोन्ही' हा शब्द मात्र काळजात रुतला.

दोहोंपैकी एक घराबाहेर जायला हवे होते. टिप्याला परत करायचे तर कुठे? जिन्यात? क्लॅरोनेटला निदान मूळ मालक होता. मी हिंगोलीचे तिकीट काढले.

आता, वाचकहो, आगगाडी सुटेपर्यंत थोडी विद्वत्ता ऐकून घ्या. नाही तरी माणसावर संकट आले की तो ग्रंथालयात जातो, आणि तिथे आपल्यासारखेच दुसरे पीडित भेटले की त्याला बरे वाटते.

क्लॅरोनेट हे वाद्य साधारण १७०० च्या सुमाराला जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरी डेनर नावाच्या कारागिराने घडवले. आपल्याकडे ते पलटणींच्या बँडांबरोबर आले, आणि पलटणीतून निसटून लग्नाच्या वरातीत शिरले. दक्षिणेत ए. के. सी. नटराजन यांनी त्याच्यावर कर्नाटक संगीताची बैठक जमवली, तर पुण्यात प्रभात बँडच्या बंडोपंत सोलापूरकरांचे क्लॅरोनेट ऐकायला लोक मिरवणुकीच्या वाटेवर थांबत. म्हणजे वाद्यात दोष नाही. दोष असलाच तर तो फुंकणारात, किंवा ऐकणारात.

ऐकणाऱ्या प्राण्यांशी या वाद्याचे नाते मोठे जुने आहे. रशियाच्या प्रोकोफिएव्हने १९३६ साली मुलांसाठी 'पीटर आणि लांडगा' ही सांगीतिक गोष्ट रचली. तीत प्रत्येक पात्राला एकेक वाद्य नेमून दिले. पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, लांडग्याला तुताऱ्या. आणि मांजराला क्लॅरोनेट! त्या गोष्टीत कुत्रा नाही. हा त्या गृहस्थाचा शहाणपणा. त्याच्या आधी पन्नास वर्षे, १८८६ साली, फ्रान्सच्या सँ-सान्सने प्राण्यांचा एक संगीत-मेळावा लिहिला, त्यात कोकिळेच्या जातीच्या पक्ष्याची दोन सुरांची हाक क्लॅरोनेटला दिली. पण सूचना काय केली? वादकाने रंगमंचावर न बसता पडद्यामागे बसून वाजवावे! रानातून लांबून हाक आल्याचा भास व्हावा, हे त्याचे कारण. मला मात्र ते वाचताना आमच्या इमारतीचा फळाच आठवला. क्लॅरोनेटवाल्याला मागे पाठवण्याची रीत थोरामोठ्यांपासून चालत आलेली आहे.

मोझार्टची गोष्ट याहून हळवी. १७८४ च्या मे महिन्यात त्याने व्हिएन्नात एक पक्षी विकत घेतला. तो आपल्या साळुंकीच्या कुळातला. या पक्ष्याला मोझार्टच्याच एका रचनेतली चाल येत होती, फक्त एक सूर तो हटकून चढा लावी. मोझार्टने तो चढा सूर वहीत कौतुकाने लिहून ठेवला. तीन वर्षांनी पक्षी मेला, तेव्हा त्याने मित्रमंडळींची रीतसर अंत्ययात्रा काढून त्याला पुरले आणि वर कविताही केली. क्लॅरोनेटसाठी जगात जे सर्वांत सुंदर म्हणून लिहिले गेले आहे, ते याच माणसाने १७९१ साली, मरणापूर्वी काही आठवडे, लिहिले. ज्याला पाखराचा चुकलेला सूर सोसतो, त्यालाच क्लॅरोनेटचे मर्म कळते, असा मी यातून अर्थ काढला. आमच्या इमारतीला तो पटला नाही.

पुण्याहून हिंगोलीला जायचे म्हणजे पूर्णेला गाडी बदलावी लागते, निदान आमच्या कुळात तशी परंपरा आहे. पूर्णेपासून हिंगोलीपर्यंतचा लोहमार्ग १९१२ सालचा. लहानपणी मी त्यावरून छोट्या गेजच्या गाडीने जात असे. ती गाडी इतकी सावकाश चाले, की मधेच उतरून पळसाची फुले तोडून पुन्हा डब्यात बसता येई, असे मामा सांगत; मी कधी उतरलो नाही, कारण आई शर्ट धरून बसे. २००८ साली मार्ग रुंद झाला आणि गाडीला वेग आला. वसमत मागे पडले. तिथपासून खिडकीबाहेर जागोजागी पिवळे शिवार दिसू लागले. पीक नव्हे, खळ्यांवर, अंगणांत, ताडपत्रीवर वाळत घातलेली हळद. या बाजूला माघ-फाल्गुनात हळद काढतात, कढईत उकडतात, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात आणि मग ढोलात घालून घासतात. त्या दिवसांत सगळ्या मुलखाला लग्नघराची कळा येते.

स्टेशनाच्या पाटीवर 'हिंगोली डेक्कन' असे भारदस्त नाव आहे. गावही मूळचे भारदस्त. निजामाच्या कंटिंजंट फौजेची इथे छावणी होती. फौज केव्हाच गेली, पण रिसाला, पलटण, तोफखाना ही मोहल्ल्यांची नावे मागे राहिली. आज रिसाल्यात घोडा नाही आणि तोफखान्यात तोफ नाही. मामा म्हणत, "बँड व्हता तोवर पलटणीत निदान कूच तरी व्हतं." दसऱ्याचा इथला उत्सव मोठा. दीडशे वर्षांवर जुनी परंपरा आहे. रामलीला, प्रदर्शन, पाळणे आणि माणसांचा समुद्र. मामांनी त्या गर्दीत उमेदीची वर्षे लाल कोट घालून काढली.

मामांचे घर कयाधूच्या बाजूला, जुन्या वस्तीत. मामा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांचा जन्म निजामाच्या राज्यातला. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९९९ च्या १ मे रोजी परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा निराळा झाला. मामांनी एवढी राज्ये आणि एक जिल्हा घराचा उंबरा न ओलांडता पालथा घातला. आपण प्रवासाला पैसे घालतो!

दारात मामी उभ्या होत्या. "या, भाचेबुवा! लई दिसांनी वाट चुकलात," म्हणत त्यांनी तांब्या पुढे केला. मागून घरातली बाकीची मंडळी आली. मनी नावाची मांजर, चंपी नावाची शेळी, एक कोंबडा आणि सर्वांच्या मागून, पाय ओढीत, वाघ्या. वाघ्या हा मामांचा कुत्रा. पंधरा वर्षांचा. तोंडावरचे केस पांढरे झालेले, डोळ्यांत निळसर झाक. मी 'वाघ्या, वाघ्या' म्हणून हाक मारली. त्याने पाहिलेही नाही.

"त्याला ऐकू येत नाही आता," मामा म्हणाले.

मी पेटी पुढे ठेवली आणि सगळी हकीकत सांगितली. फळ्यावरच्या 'दोन्ही'सकट. मामा खूप हसले. तोंडात कवळी असल्यामुळे त्यांना हसताना हात पुढे धरावा लागे.

"काहून आणलंस मग हे? मला कुठं दात आहेत? क्लॅरोनेटाला वरचे दात लागतात, बाबा. टेकवायला."

"मग विकून टाका," मी म्हणालो. म्हणालो खरा, पण पेटीवरचा हात काढवला नाही. मामांनी ते पाहिले. ते काही बोलले नाहीत.

त्या रात्री माझ्या हातून एक अपराध घडला. पेटी उघडी राहिली. क्लॅरोनेटच्या चाव्यांखाली गोल गाद्या असतात. चावी दाबली की गादी भोकावर बसते. त्यांना बँडवाले पॅड म्हणतात. चांगल्या पॅडवर जो पापुद्रा चढवलेला असतो त्याला युरोपात नाव आहे माशाच्या कातडीचे, पण प्रत्यक्षात तो असतो गुराच्या आतड्याचा. कारागिरांना हा फरक दोनशे वर्षे चालला. मनीला मात्र तो एका वासात कळला. सकाळी पाहतो तो तीन पॅड बेपत्ता, आणि मनी चुलीशेजारी बसून पंजाने तोंड पुसते आहे.

मामा रागावले नाहीत. त्यांनी फळीवरून एक डबी काढली. तिच्यात लाखेचा तुकडा, सुई, दोरा आणि जुन्या कातडी हातमोज्याचे एक बोट. त्यांनी कातड्याचे तीन गोल कापले, मेणबत्तीवर लाख पातळ केली आणि चष्मा कपाळावर चढवून, हात न थरथरता, तिन्ही पॅड बसवले. "बँडात व्हतो तवा उंदरं खायची," ते म्हणाले, "उंदरापरीस मांजर बरी. हक्कानं खाते."

दुसरा अपघात दुपारी. क्लॅरोनेटच्या तोंडाशी जी वेताची पातळ पट्टी बांधतात, ती रीड. तिचे टोक नखाहून पातळ. वाजवण्यापूर्वी ती भिजवावी लागते. मी माझी एकुलती एक चांगली, पाव हजार रुपयांची रीड वाटीत पाणी घेऊन ओसरीवर ठेवली आणि चष्मा आणायला आत गेलो. परत आलो तो वाटी कोरडी, आणि चंपी विचारमग्न होऊन रवंथ करीत होती.

मामी धावत आल्या. त्यांना माझ्या रीडची काळजी नव्हती. "माय माय! शेळीला बाधायचं तर नाही ना ते विलायती?"

"कशानं बाधंल?" मामा म्हणाले, "गवतच आहे ते!"

आणि गंमत अशी, की मामांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. उत्तम रीड ज्या वेतापासून करतात तो दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यालगत वाढतो, आणि तो वनस्पतिशास्त्राप्रमाणे गवताच्या कुळातला आहे. जगातले मोठमोठे वादक आयुष्यभर गवत फुंकतात. चंपीने ते फक्त योग्य ठिकाणी पोचवले.

रीड गेल्यामुळे संध्याकाळ रिकामी झाली. "चल, तुला देव दाखवतो. वाजवून न्हाई झालं तर पाहून तरी पुण्य घे," मामा म्हणाले. शेजारच्या एका पोराची जीप सांगून दुसऱ्या दिवशी पहाटेच आम्ही निघालो.

आधी नर्सी. संत नामदेवांचे हे जन्मगाव मानतात. तेराव्या शतकातला हा शिंप्याचा मुलगा कीर्तन करीत थेट पंजाबापर्यंत गेला आणि शिखांच्या ग्रंथसाहिबात त्याची एकसष्ट पदे जाऊन बसली. म्हणून इथे पंढरीचा वारकरी येतो तसा पंजाबातला पगडीवालाही येतो. देवळाच्या पायरीवर बसून मामांनी एकदम विचारले, "नामदेव महाराजांची कुत्र्याची गोष्ट तुला ठाऊक आहे?"

ठाऊक कुणाला नाही? नामदेव जेवायला बसले. कुत्रा आला आणि पोळी उचलून पळाला. नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, की देवा, कोरडी नको खाऊस, घशाला लागेल, तूप तरी लावू दे. लहानपणी ही गोष्ट मी शाळेत शिकलो, तेव्हा तिचे तात्पर्य मी 'भूतदया' असे लिहिले आणि गुण मिळवले.

"भूतदया न्हवं ती," मामा म्हणाले. "दया आपल्याहून खालच्यावर करतात. महाराज त्याच्या मागं पळाले. पुढं कोण व्हता? कुत्रा. तुझा टिप्या तुझ्या मागं ओरडतो म्हणतोस. कोण जाणे, तो पुढं असंल आणि तू मागं!"

मी हसलो. पण मग ग्रंथालयात वाचलेले मला आठवले. कुत्रा लांडग्याच्या वंशातला. लांडगे दूर पांगले म्हणजे लांब सूर काढून एकमेकांना हाका मारतात. क्लॅरोनेटचा संथ, न तुटणारा सूर कुत्र्याच्या कानाला तशीच हाक वाटते. त्याला दुखत नाही, तो रडत नाही. तो 'ओ' देतो. आणि लांडगे कळपाने गाऊ लागले की प्रत्येक जण मुद्दाम निराळा सूर धरतो, दोन सूर एकावर एक पडू देत नाहीत. म्हणजे टिप्या बेसूर नव्हता. त्याच्या घराण्याची ती रीत होती. सहा वर्षे ते जनावर मला विचारीत होते, 'कुठे आहेस?' आणि सांगत होते, 'मी इथे आहे.' आणि मी काय करीत होतो? वहाण फेकीत होतो.

नर्सीहून औंढ्याला गेलो. औंढा नागनाथ म्हणजे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असे इकडे मानतात. देऊळ हेमाडपंती. खालचे बांधकाम जुने, काळ्या दगडाचे. जोत्यावर कोरलेले हत्ती, वर देव, गंधर्व, वादक यांच्या मूर्ती. पिंडीचे दर्शन घ्यायला अरुंद पायऱ्यांवरून वाकून खाली उतरावे लागते. तिथे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मामा माझ्या आधी उतरले आणि माझ्या आधी वर आले. याच देवळात नामदेवांना विसोबा खेचर भेटले. ते पिंडीवर पाय ठेवून निजले होते अशी कथा आहे. नामदेव रागावले, तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव.

पण मामांना मला दाखवायचे होते ते निराळेच. ते मला देवळाच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. नंदी तिथे आहे. नंदी खरा देवाच्या पुढ्यात हवा. इथे तो पाठीशी. त्याची आख्यायिका अशी. नामदेव देवळापुढे कीर्तन करीत होते. काही प्रतिष्ठितांना त्याचा त्रास झाला. त्यांनी सांगितले, इथे नको, मागे जा. नामदेव निमूट मागे गेले आणि तिथे गाऊ लागले. तेव्हा सगळे देऊळच फिरले आणि देवाने आपले तोंड त्यांच्याकडे केले. नंदी तेवढा जुन्या जागी राहिला.

मी त्या नंदीपाशी बराच वेळ उभा राहिलो. सँ-सान्सचा पडद्यामागे बसलेला वादक, आमच्या इमारतीचा फळा, मागे जा म्हणून सांगितलेले नामदेव, सगळे डोळ्यांपुढून गेले. माझी योग्यता मी जाणून आहे. मी मागे जाऊन वाजवले तर देऊळ फिरायचे नाही, इमारत तर नाहीच नाही. पण माझ्याकडे तोंड फिरवून बसणारा एक जीव माझ्या घरात होता, आणि त्याचे ऐकणे बंद करण्यासाठी मी दूरवर आलो होतो.

परतताना जीपवाल्या पोराने दूरवर बोट दाखवले. "काका, तिकडं दुधाळ्याला ते लायगो व्हणार हाय." औंढ्याजवळच्या त्या माळावर गुरुत्वलहरी टिपणाऱ्या वेधशाळेला एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आणि अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली त्याचा थरकाप त्यांनी टिपायचा; अणुगर्भातल्या एका कणाच्या रुंदीहूनही कितीतरी बारीक हालचाल. अशा यंत्राला जमीन शांत लागते. ट्रकाची धडधडसुद्धा त्याला खपत नाही. म्हणजे अख्ख्या भारतातला सर्वांत नाजूक कान या हिंगोली जिल्ह्यात बसायचा आहे!

मी हे सगळे मामांना समजावून सांगितले. ते लक्षपूर्वक ऐकून म्हणाले, "म्हणजे आवाज न्हाई, नुसता हादरा. तरी त्याला कळतं?"

"हो."

मामा पुढे हिंगोली येईपर्यंत गप्प होते.

रात्री जेवणे झाली. भाकरी, येसराची आमटी, ठेचा. मामी भांडी आवरीत होत्या. मामा अंगणात बाजेवर बसले होते. वाघ्या बाजेच्या लाकडी चौकटीवर हनुवटी टेकून नेहमीसारखा निजला होता. वाळत घातलेल्या शेजारच्या हळदीतून दिवसभर फिरल्यामुळे त्याचे चारी पाय पिवळे झाले होते. म्हातारपणी बोहल्यावर चढायला निघाल्यासारखे.

"तुला वाटतं दातामुळं सोडलं मी," मामा एकाएकी म्हणाले. "दात गेले हे खरं. डीजे आला, बँड मोडला, हेही खरं. पण घरी वाजवायला दात कशाला लागतात? दोन्ही ओठ आत घेऊन वाजवणारे वस्ताद मी पाह्यलेत. वाघ्या पिल्लू व्हतं तवापासून मी वाजवलं की गळा काढायचं. मामी ओरडायची, शेजारी ओरडायचे. एक दिवस वाजवलं आन् ते झोपूनच राह्यलं. मला वाटलं रुसलं. मग कळलं, ऐकू येत न्हाई. लग्नात हजार माणसं नाचवली मी. पण माझं वाजवणं ऐकत कोण व्हतं? नवरदेव? वऱ्हाडी? ते एक ऐकत व्हतं. मग मी पेटी तुला देऊन टाकली."

मी काय बोलणार? मामांना ठाऊक होते की नाही कोण जाणे, पण माझ्याही घशात काही तरी अडकले होते, आणि ते चंपीने खाल्लेली रीड नव्हते.

मामा उठले. फळीवरून एक काड्यापेटी घेऊन आले. तिच्यात कापसात गुंडाळलेली एक जुनी रीड होती. त्यांनी ती जिभेवर भिजवली, माऊथपीसला बांधली, कवळी काढून तांब्यात ठेवली आणि दोन्ही ओठ आत घेऊन फुंकले. पहिला आवाज आला तो बदकाचा. दुसरा किंचाळीचा. कोंबडा दचकून खुराड्यात ओरडला. मामी पदर तोंडाला लावून दारात येऊन उभ्या राहिल्या. तिसऱ्यांदा सूर लागला.

तो खालचा सूर होता. क्लॅरोनेटचा खर्ज लाकडाच्या पोटातून येतो, दाट, उबदार. मामांनी वाद्याचे खालचे तोंड बाजेच्या चौकटीवर टेकले आणि तो सूर तसाच धरून ठेवला. श्वास संपला, पुन्हा घेतला, पुन्हा धरला. मी बाजेला हात लावून होतो. चौकट मुंग्या आल्यासारखी थरथरत होती.

वाघ्याचा कान हलला नाही. पण त्याचे डोळे उघडले. त्याने हनुवटी उचलली, चौकटीकडे पाहिले, पुन्हा टेकली. मग सावकाश, म्हातारा माणूस उठतो तसा, तो पुढच्या दोन पिवळ्या पायांवर बसला, मान वर केली, आणि इतका बारीक, इतका फाटका आवाज काढला, की तो कुत्र्याचा आहे हे सांगावे लागले असते.

मामांनी सूर सोडला नाही. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होते आणि ते क्लॅरोनेटच्या चाव्यांवर पडत होते. मामी म्हणाल्या, "गंज चढंल त्याला," आणि त्याच पदराने स्वतःचे डोळे पुसले.

चार दिवसांनी मी परत निघालो. पेटी मामांकडेच राहिली. मी आणली होती त्याहून निराळ्या कारणासाठी. "मग तू काय करशील?" मामांनी विचारले. मी म्हणालो, "ऐकीन."

तुम्ही जुन्या रेकॉर्डींवरचे चित्र पाहिले असेल. ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे मान वाकडी करून बसलेला पांढरा कुत्रा. त्याचे नाव निपर. फ्रान्सिस बॅरो या इंग्रज चित्रकाराने ते काढले आणि १८९९ साली ते ग्रामोफोन कंपनीने विकत घेतले. आपल्याकडे या रेकॉर्डी कुत्राछाप म्हणूनच खपल्या. मला ते चित्र नेहमी खोटे वाटे. कुत्रे कुठे असे यंत्रापुढे बसतात!

आता दर रविवारी संध्याकाळी सहाला मामींच्या मोबाइलवरून फोन येतो. मी तो स्टुलावर ठेवतो. टिप्या समोर येऊन बसतो. एक कान उभा, एक पडलेला, मान वाकडी. तिकडे हिंगोलीत मामा खर्ज धरतात. मागून वाघ्याचा फाटका आवाज येतो. टिप्या एक क्षण थांबतो, आणि मग कयाधूच्या काठच्या त्या बहिऱ्या म्हाताऱ्याला दुसऱ्या मजल्यावरून, त्याला ऐकू जाणार नाही अशी, खणखणीत 'ओ' देतो.

सगळे मिळून पाच मिनिटांचा कार्यक्रम. फळ्यावरची सूचना अजून आहे, पण तिच्यात दुरुस्ती झाली आहे. कुणी तरी खडूने 'दोन्ही' खोडून 'तिन्ही' केले आहे. अक्षर बाईमाणसाचे आहे. आणि गेल्या रविवारी सहाला पाच कमी असताना आमच्या शेजारणीने दार किलकिले करून विचारले, "आज नाही का हो आला हिंगोलीचा फोन?"